हे बहिर्जी कोण?



वसमतला 'बहिर्जी स्मारक महाविद्यालय' आहे. तुमच्यापैकी कुणाचा दादा, कुणाची ताई तिथं शिकतही असेल. परवा मी वर्गात विचारलं, "हे बहिर्जी कोण रे?" चटकन उत्तर आलं, "शिवाजी महाराजांचे हेर!"

अरे, ते बहिर्जी नाईक! हे बहिर्जी शिंदे, आपल्याच वसमत तालुक्यातल्या वापटी गावचे.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. रझाकारांनी गावोगाव जुलूम मांडला. स्वामी रामानंद तीर्थ पूर्वी शाळेत शिकवायचे. त्यांच्या नेतृत्वाखाली साधी माणसं लढ्यात उतरली. बहिर्जी त्यांच्यातलेच. या लढ्यात ते हुतात्मा झाले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. म्हणून तर त्या दिवशी आपण पुन्हा झेंडावंदन करतो.

करा बरं हिशेब, देश स्वतंत्र झाल्यावर आपण किती दिवस थांबलो? ३९९ दिवस!

स्मारक म्हणजे नुसता दगडी खांब नव्हे. बहिर्जींच्या स्मारकात मुलं शिकतात. पण पाटीवर नाव राहिलं आणि माणूसच विसरला, तर ते स्मारक कसलं?

तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीच्या घरात आहेत. या रविवारी आई-बाबांना घेऊन गावातल्या अशा एका आजी-आजोबांकडे जा. ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी विचारू, असं मात्र म्हणू नका हं!

तुमच्या बाई