अंगठा ‘बांधण्या’पूर्वी हाताचे काम विचारा

गव्हाण, न्हावा, मोरावे या पट्ट्यात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची एक तक्रार नेहमीची आहे. कोळंबी सोलताना, पिळा घालताना, बरणीचे झाकण किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. ‘वयोमानाने होते’ म्हणून ती अंगावर काढली जाते. दुखणे असह्य झाले की शस्त्रक्रियेचा विषय निघतो आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो. त्यामुळेच अंगठा सगळ्या बोटांना टेकतो. मात्र त्याची किंमत मोठी आहे. चिमटीत एक किलोचा जोर लावला की या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो. कूर्चा झिजते, अस्थिबंध सैल पडतात आणि हाड बाहेर सरकू लागते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत हे अधिक आढळते.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, वेदनाशामक मलम, स्नायूंचे व्यायाम आणि कामाच्या पद्धतीत थोडा बदल एवढ्यावर अनेकींचे निभते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम बहुधा तात्पुरता असतो. एक्स-रेवरची झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेवरून शस्त्रक्रिया ठरवू नये.

शस्त्रक्रियेचे दोन जुने मार्ग आहेत आणि दोन्ही १९४९पासून वैद्यकीय साहित्यात आहेत. एकात सांध्याचे छोटे हाड काढून टाकतात. दुसऱ्यात दोन हाडे तारा, स्क्रू किंवा पट्टीने जोडून सांधा कायमचा बंद करतात. हेच ‘फ्युजन’. ते नीट जुळले तर दुखणे थांबते आणि अंगठा पक्का राहतो. ‘तरुण, अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला फ्युजन’ हा पाठ्यपुस्तकी नियम त्यातूनच आला.

पण अंगमेहनत म्हणजे काय? रुग्णाला ‘काय करता?’ विचारले की उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ कागदावर ‘गृहिणी’ लिहिले जाते आणि मासळी साफ करण्यापासून भात लावण्यापर्यंतचे सगळे काम त्या एका शब्दात गडप होते. उलट, कष्टकरी आहे म्हणून सरळ फ्युजन करणेही चूक ठरू शकते. जोडलेला अंगठा किंचित वर उचललेला राहतो. तळवा पूर्ण सपाट होत नाही, हात आकसून अरुंद करता येत नाही. तांदळाची भाकरी थापायला सपाट तळवा लागतो आणि बांगडी चढवायला अंगठा आत दुमडावा लागतो. हे आधी सांगितले नाही, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही बाई फसवल्यासारखी घरी जाते.

धोकेही आहेत. काही वेळा हाडे जुळतच नाहीत. तंबाखूचे व्यसन हाड जुळण्याच्या आड येते, तेव्हा मिश्रीबद्दलही विचारायलाच हवे. नेदरलँड्समध्ये चाळिशीपुढील स्त्रियांवर या दोन शस्त्रक्रियांची तुलना झाली. फ्युजनच्या गटात गुंतागुंत जास्त दिसल्याने तो अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. हाड काढण्याच्या पद्धतीतही अंगठा थोडा आखूड होतो आणि जोर परत यायला काही महिने लागतात. तरीही या वयातील बहुतेक स्त्रियांसाठी आधी तिचा विचार व्हावा आणि फ्युजन निवडक रुग्णांसाठी राखून ठेवावे, हेच शहाणपणाचे.

खरी गरज मात्र शस्त्रक्रियागृहाबाहेर आहे. मापाचा पट्टा आणि हाताचा व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या ठिकाणी मिळाला, तर अनेकींवर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही. अटल सेतूमुळे मुंबई जवळ आली खरी. पण एका पट्ट्यासाठी खाडी ओलांडावी लागू नये. आणि शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर संमतीपत्रावर सही घेण्याआधी एक प्रश्न विचारला जावा: बाई, या हाताने तुम्ही दिवसभर काय काय करता?