मनगट माझं, तवा कुणाचा?

रत्नागिरीच्या रामआळीत हल्ली घड्याळ मागा, दुकानदार तवाच समोर ठेवतो. ४४ मिलिमीटर! वर म्हणतो, "तुमचं मनगट बारीक हो. लेडीज दाखवू?"

अहो, पेजभातावर पोसलेलं हे मनगट आता वाढायचं नाही! बदलायचं ते घड्याळानं. एचएमटीचं 'जनता' जेमतेम ३५ मिलिमीटरचं; त्यावर अख्ख्या देशानं गाड्या पकडल्या. त्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचं सरकारनं २०१६ साली ठरवलं. आमची मनगटं मात्र चालू आहेत.

नियम साधा. पट्टा अडकवायचे कान मनगटाबाहेर डोकावता कामा नयेत आणि हात हलवताना तबकडी घरंगळता कामा नये. वेळ बघायला घड्याळ घ्यावं. वजन उचलायला तालीम आहे.