नाव बदलले, जंतू तोच

मुरघासाचा खड्डा भरताना चाऱ्यावर शिंपडावयाचे जंतूंचे पाकीट, ज्यास शेतकरी 'कल्चर' म्हणतो, ते आता अनेक पशुपालकांच्या परिचयाचे झाले आहे. या पाकिटावर पूर्वी 'लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम' असे नाव छापलेले असे. आता काही पाकिटांवर 'लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस प्लॅन्टारम' असे लांबलचक नाव आढळते. अशा वेळी एखादा विक्रेता 'हा नवा, सुधारलेला जंतू' असे सांगून अधिक दाम मागू शकतो; उलट, माहिती नसलेला विस्तार कार्यकर्ता अस्सल माल बनावट ठरवू शकतो. दोन्ही प्रकारांत तोटा शेतकऱ्याचाच होतो.

वस्तुस्थिती अशी की, लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती नेदरलँडचे शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १९०१ साली स्थापन केली. जंतूंचा आकार, त्यांना लागणारी साखर, मानवणारे तापमान व तयार होणारे अम्ल यांवरून त्या काळी वर्गवारी होत असे. दुधाचे दही करणारे, चारा आंबवणारे, पिठात वाढणारे असे नाना जंतू या एकाच घरात येऊन बसले. पुढे जंतूंचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा वाचता येऊ लागला, तेव्हा या घरातील मंडळींचे नाते फार दूरचे असल्याचे उघड झाले. म्हणून एप्रिल २०२० मध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून या समूहातील २६१ जातींची २५ प्रजातींत मांडणी केली. त्यांपैकी २३ प्रजाती सर्वस्वी नव्या होत्या. जातीचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी कायम राहिले. व्यवहारात अधिक वापरल्या जाणाऱ्या जातींच्या नव्या प्रजातींची नावेही 'ल' या अक्षरानेच सुरू होतील, अशी दक्षता घेण्यात आली. त्यामुळे 'एल. प्लॅन्टारम' हे संक्षिप्त नाव पूर्वीप्रमाणेच चालते.

ही शास्त्रज्ञांची निष्कारण उठाठेव आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु बाजरीचे शास्त्रीय नाव पेनिसेटम टायफॉइडीस होते, ते पुढे पेनिसेटम ग्लॉकम झाले. म्हणून भाकरीची चव बदलली नाही. शिवाय येथे नामांतराचा प्रत्यक्ष उपयोगही आहे. प्लॅन्टारम आणि बुकनेरी हे दोन्ही जंतू पूर्वी एकाच प्रजातीत गणले जात. पण त्यांची कामे भिन्न आहेत. प्लॅन्टारम चाऱ्यातील साखरेपासून झपाट्याने दुग्धाम्ल तयार करतो व चारा लवकर आंबट करून टिकवतो. बुकनेरी दुग्धाम्लाच्या काही भागाचे सावकाश सिरकाम्ल बनवतो. त्यामुळे खड्डा उघडल्यावर यीस्ट व बुरशी यांना आळा बसतो आणि मुरघास लवकर तापत नाही. या कामास सुमारे दीड ते दोन महिने लागतात. त्याच्या नव्या प्रजातीचे 'लेंटिलॅक्टोबॅसिलस' हे नाव 'सावकाश' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पडले आहे. ज्यास तीन आठवड्यांत खड्डा उघडावयाचा आहे, त्याने बुकनेरीसाठी पैसे खर्चणे व्यर्थ होय.

तेव्हा दोष नामांतराचा नाही, ते शेतकऱ्यापर्यंत न पोहोचवण्याचा आहे. पाकिटावर नव्या नावाशेजारी जुने नाव काही वर्षे तरी मराठीत छापले जावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जंतूचा वाण, जिवंत जंतूंची संख्या व वापराची अंतिम मुदत ठळकपणे दिलेली असावी. नुसते 'ज्वारी' म्हणून बियाणे कोणी घेत नाही; मालदांडी ३५-१ की दुसरा वाण, हे विचारतो. तीच चौकसपणाची सवय जंतूंच्या बाबतीतही हवी. सर्वसाधारणपणे दर ग्रॅम चाऱ्यास किमान १ लाख जिवंत जंतू मिळावेत, या हिशेबाने मात्रा ठरवतात. पाकिटावर हा आकडा नसेल, तर नाव जुने असो वा नवे, ते घेऊ नये.

कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट विसरू नये. उत्तमातील उत्तम जंतू कोमट गोदामात महिनोन्महिने पडून राहिला, किंवा क्लोरीन घातलेल्या पाण्यात कालवला गेला, तर तो शिंपडण्यापूर्वीच मरतो. मका योग्य पक्वतेस न कापता, नीट न दाबता व हवाबंद न करता भरला, तर कोणताही जंतू तो वाचवू शकत नाही. नामकरण हे शास्त्रज्ञांचे काम आहे. ते नाव शेतकऱ्यास उलगडून सांगणे हे विस्तार कार्यकर्त्याचे. ते झाले नाही, तर ज्ञानाची भर पडूनही शेतकऱ्याच्या पदरी केवळ वाढीव किंमतच येईल.