बाई, फुलांना पाणी घालायचं का?

लेकरांनो,

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, की आमच्या शाळेत एकच धांदल उडते. आमची शाळा लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातली. कुणी घरून खुरपं आणतं, कुणी शेणखताचं टोपलं. पहिलीतलं एखादं पिल्लू रिकाम्या हातानं येतं आणि विचारतं, "बाई, मी काय करू?" त्याला बी मोजायला बसवायचं!

पण आधी माझी फजिती ऐका. पहिल्या वर्षी मी सपाट वाफे करून घेतले आणि त्यात झेंडू लावला. श्रावणात चार दिवस झड लागली. रोपं पिवळी पडली, माना टाकू लागली. पाणी कमी पडलं? छे, जास्त झालं! आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. पाणी तुंबलं, की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. शेजारच्या शेतातले आजोबा कुंपणापाशी येऊन म्हणाले, "बाई, वाफा वर उचला की!"

तेव्हापासून आम्ही गादीवाफे करतो. वीतभर उंच आणि तीन फूट रुंद. तीनच फूट का बरं? दोन्ही बाजूंनी तुमचा हात मध्यापर्यंत पोचावा, आत पाय पडू नये म्हणून. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि कडेला तिरप्या विटा रोवायच्या. झाडांची रांग प्रार्थनेच्या रांगेसारखी. बुटकी पुढे, उंच मागे. पुढे ऑफिसटाइम, मध्ये सदाफुली, तेरडा, झेंडू आणि भिंतीकडे गुलबाक्षी, कर्दळ.

झेंडूचं बी आत्ताच टाका, म्हणजे दसरा-दिवाळीला फुलं मिळतील. तीन-चार आठवड्यांनी रोपाला चार-पाच पानं आली, की संध्याकाळी लावा. दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर हवं. पुढे महिनाभरानं शेंडा खुडा. खुडताना जीव कळवळतो, पण त्यामुळेच बाजूला फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात. आपल्या तोरणातला हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, ठाऊक आहे? तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी झेंडूचीच आरास करतात.

आता २०१६ सालची गोष्ट सांगते. त्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी! आमच्या गावातही टँकरपुढे घागरींची रांग लागायची. एके दिवशी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आई पाण्यासाठी रात्री जागते. आपण फुलांना पाणी घालायचं का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मग आम्ही सगळे पारावर बसलो आणि ठरवलं, पिण्याचं पाणी फुलांना द्यायचं नाही. जेवणाआधी हात धुतलेलं पाणी बादलीत धरायचं, तेवढंच सदाफुलीला. बाकीचे वाफे वाळले. मुलं तिकडे बघायचीसुद्धा नाहीत. त्या मुलीनं मात्र वाळलेल्या झेंडूचं बी काढून कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवलं.

पुढे पाऊस आला. आठ-दहा दिवसांनी ती धावत आली, "बाई, चला लवकर!" भिंतीकडच्या रांगेत कोवळे फुटवे आले होते. आम्ही मेली म्हणून सोडून दिलेली गुलबाक्षी! तिचं मूळ कंदासारखं जाड असतं. वरचं झाड वाळलं तरी ते जमिनीत तग धरतं. आणि पुड्यांतला झेंडूही उगवला बरं का!

तेव्हापासून आमच्या वाफ्यात निम्मी झाडं कमी पाण्यात जगणारीच असतात. सदाफुली त्यातलीच. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध बनतं. पण म्हणून तिचं पान तोंडात घालायचं नाही हं, ते विषारी असतं! कण्हेरही विषारी, म्हणून लहान मुलं खेळतात तिथं ती लावू नका.

आई-बाबांनो, अंगणात तीन फूट जागा लेकरांना द्याल ना? हात मात्र त्यांनाच मातीत घालू द्या.

आणि लेकरांनो, यंदा फुलं आली, की एक झाड न तोडता राखा. ते बियांसाठी.

तुमची,
बाई