माऊस-कीबोर्डची बटणं बदलून नेम सुधारतो का? आणि 'सेटिंग' संपून 'चीटिंग' नेमकं कुठे सुरू होतं?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. चर्चा झाली ती मुख्यतः पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आलेल्या बंदीची, तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची आणि एक कोटीपर्यंतच्या दंडाची.

याच कायद्यात ई-स्पोर्ट्सची व्याख्याही आहे, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. या व्याख्येनुसार निकाल केवळ खेळाडूच्या कौशल्यावर ठरला पाहिजे. म्हणजे हाताची चपळाई, बुद्धीची तल्लखता, डावपेच अशा गोष्टींवर.

'केवळ' हा शब्द वाचायला सोपा आहे. पण गेम खेळणारा हात आणि स्क्रीनवरचा नेम यांच्यामध्ये माऊस असतो, कीबोर्ड असतो, मोबाइलची काच असते आणि या सगळ्यांची सेटिंग असते. बटणांची जागा बदलून एखाद्याचा नेम सुधारला, तर ते कौशल्य धरायचं की यंत्राची मदत?

कराड, फलटण, मिरज किंवा तासगावात रात्री टीम जमवून खेळणाऱ्या मुलांसाठीही हा प्रश्न खरा आहे, कारण चुकीच्या बाजूला सापडलं तर मॅचमधून बाहेर काढलं जातं, कधी अकाउंटच बंद होतं.

की-बाइंडिंग म्हणजे काय?

कुठलं बटण दाबल्यावर गेममध्ये काय घडावं, हे ठरवणं म्हणजे की-बाइंडिंग. आज कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम 'डब्ल्यू-ए-एस-डी' या चार बटणांनी चालायचं आणि माऊसने नेम धरायचा, या पद्धतीने खेळले जातात. पण ही रचना सुरुवातीपासून नव्हती. नव्वदच्या दशकात अनेक जण बाणांच्या बटणांवर खेळत. 'क्वेक' या गेमचा अमेरिकन खेळाडू डेनिस फाँग, म्हणजे 'थ्रेश', डाव्या हाताने ही चार बटणं आणि उजव्या हाताने माऊस वापरायचा. १९९७मध्ये त्याने एक मोठी स्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून फेरारी गाडी घरी नेली. त्यानंतर त्याची बटणरचना जगभर पसरली. आज जी 'नॉर्मल' सेटिंग वाटते, ती एकेकाळी एका खेळाडूची स्वतःची सोय होती.

नेम सोपा कसा होतो?

दोन वेगळ्या प्रकारच्या गेम्समध्ये याची दोन वेगळी उत्तरं आहेत.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या गेममध्ये आधी शत्रू 'निवडावा' लागतो, मग वार करायचा. टॅब दाबलं की समोरचा पुढचा शत्रू निवडला जातो. गर्दी असेल तर नको तोच निवडला जातो आणि सगळा डाव फसतो. म्हणून जुने खेळाडू माऊसच्या अंगठ्याजवळच्या बटणांवर वेगवेगळे आदेश बसवतात: सर्वांत जवळचा शत्रू, आधी लक्षात ठेवलेला शत्रू, किंवा पॉइंटर ज्याच्यावर आहे तोच.

'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये एक बटण दाबून ठेवलं की क्लिक फक्त समोरच्या खेळाडूंवर लागतं, मधल्या किरकोळ सैनिकांवर नाही. 'क्विक कास्ट' सुरू केलं की बटण दाबायचं आणि मग क्लिक करायचं, या दोन पायऱ्यांची एकच पायरी होते. या सगळ्या सोयी गेम बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेल्या आहेत आणि सर्वांना सारख्याच मिळतात. त्यामुळे त्या वापरण्यात काहीही गैर नाही. उलट वर्षानुवर्षं खेळूनही सेटिंगचं पान एकदाही न उघडणारे स्वतःचंच नुकसान करून घेतात.

'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलोरंट'मध्ये मात्र शत्रू निवडता येत नाही, नेम हातानेच धरावा लागतो. तिथे बटणांपेक्षा माऊसची सेन्सिटिव्हिटी महत्त्वाची. माऊस एक इंच सरकला की तो किती संकेत पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. त्याला गेममधल्या सेन्सिटिव्हिटीने गुणलं की खरा वेग कळतो. ४०० डीपीआय आणि ०.८ सेन्सिटिव्हिटी, किंवा ८०० डीपीआय आणि ०.४, दोन्हींचा गुणाकार ३२०च. त्यामुळे १६ हजार डीपीआयची जाहिरात बघून महागडा माऊस घेण्यात अर्थ नाही. तो आकडा बहुतेक कुणी वापरतच नाही.

'काउंटर-स्ट्राइक'मध्ये ८०० डीपीआय आणि १ सेन्सिटिव्हिटी ठेवली, तर एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस साधारण ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. सेन्सिटिव्हिटी निम्मी केली की हे अंतर एक मीटरच्या पुढे जातं. कमी सेन्सिटिव्हिटीत नेम बारीक धरता येतो हे खरं, पण त्यासाठी टेबलही तेवढं मोकळं हवं. सायबर कॅफेतल्या हातभर जागेत कुणा नामांकित खेळाडूची सेटिंग जशीच्या तशी उतरवून उपयोग होत नाही, ती याच कारणाने.

आणखी एक गोष्ट फुकटात होते. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाचा पर्याय असतो. नावावरून वाटतं की याने अचूकता वाढेल. प्रत्यक्षात यामुळे माऊस जोरात हलवला तर पॉइंटर जास्त पळतो, हळू हलवला तर कमी. हाताला अंतराची सवय लागायची असेल तर तेवढंच अंतर दरवेळी तेवढंच पळायला हवं. म्हणून नेमबाजीचे गेम खेळणारे बहुतेक जण हा पर्याय बंद ठेवतात.

मग वाद कशावरून झाला?

जुलै २०२४मध्ये रेझर कंपनीने आपल्या काही कीबोर्डमध्ये 'स्नॅप टॅप' नावाची सोय आणली. वूटिंग कंपनीकडेही तशीच सोय होती.

'काउंटर-स्ट्राइक'मध्ये पळताना गोळी नीट लागत नाही, त्यासाठी क्षणात थांबावं लागतं. डावीकडे पळताना 'ए' दाबलेलं असतं. ते सोडून लगेच 'डी'ला टिचकी मारली की खेळाडू जागच्या जागी थांबतो. यात बोटांचा ताळमेळ हवा. 'ए' सोडायला उशीर झाला तर दोन्ही बटणं एकमेकांना निष्प्रभ करतात, 'डी' दाबायला उशीर झाला तर समोरचा आधी गोळी मारतो. हा ताळमेळ बसायला शेकडो तास जातात. नव्या कीबोर्डमध्ये 'ए' सोडायची गरजच राहिली नाही. 'डी' दाबलं की कीबोर्ड स्वतःच 'ए' सोडल्याचं गेमला सांगतो.

१९ ऑगस्ट २०२४ला 'काउंटर-स्ट्राइक'च्या व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर ही सोय वापरायला मनाई केली. वापरताना आढळल्यास खेळाडूला मॅचमधून काढलं जाईल, असं जाहीर केलं. एका दाबात अनेक हालचाली करणारे काही बाइंडही त्याच वेळी बंद झाले. अनेक वर्षं कीबोर्डऐवजी सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून हीच करामत करणाऱ्यांनाही तोच नियम लागला.

असा दंडक काही पहिल्यांदा आला नव्हता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या ब्लिझार्ड कंपनीने २०२०च्या अखेरीस, एका दाबाचा आदेश एकाच वेळी अनेक अकाउंट्सना पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली. 'कॉल ऑफ ड्यूटी'ने २०२३मध्ये नेमाचा धक्का आपोआप सावरणारी जोडउपकरणं पकडायला सुरुवात केली. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आहे, पण रेषा साधारण एकाच ठिकाणी आखली जाते: बटण कुठे बसवायचं हे तुमचं, ते कधी दाबायचं आणि कधी सोडायचं हेही तुम्हीच ठरवायचं. वेळ साधायचं काम यंत्राने केलं की ती सेटिंग राहत नाही.

साताऱ्याचे तिरंदाज यात कुठे आले?

यंत्राची किती मदत चालते, या प्रश्नाशी धनुर्विद्येचा खेळ फार आधीपासून झुंजतो आहे, आणि तिथे त्याचं वेगळं उत्तर निघालं आहे. हे उत्तर समजून घ्यायला सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तो रिकर्व्ह धनुष्याने. साताऱ्याचा पार्थ साळुंखे २०२३मध्ये युवा जगज्जेता झाला, तोही रिकर्व्हमध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली, ती मात्र कंपाउंड धनुष्याने. अंतिम लढतीत तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. म्हणजे १५ बाणांत तिचा फक्त एक गुण गेला.

या दोन धनुष्यांत मोठा फरक आहे. रिकर्व्हची दोरी बोटांनी ओढून बोटांनीच सोडायची, नेमाला भिंग नाही. कंपाउंडला चाकं असतात, त्यामुळे दोरी पूर्ण ताणल्यावर हातावर मूळ ओढीचा थोडाच भार उरतो. नेमाला भिंग असतं, धनुष्य तिरपं झालं का ते दाखवणारी पातळी असते आणि दोरी सोडायला हातात वेगळा खटका असतो.

मग कंपाउंडवाल्यांना चीटर का म्हणत नाहीत? कारण खेळाने त्यांना वेगळा गट दिला आणि लक्ष्य बारीक केलं. रिकर्व्हमध्ये ७० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, कंपाउंडमध्ये ५० मीटरवरचं फक्त ८ सेंटिमीटरचं. अंतराशी प्रमाण लावलं तरी कंपाउंडचं वर्तुळ थोडं लहानच पडतं. धनुष्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरण मात्र दोन्ही गटांत चालत नाही. इतकी वर्षं ऑलिंपिकबाहेर राहिलेलं कंपाउंड आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात येणार आहे.

गेमिंगमध्येही हा मार्ग एकदा वापरून झाला आहे, आणि तोही भारतातल्या मुलांच्या अगदी ओळखीच्या गेममध्ये.

मोबाइलवर काय चालतं?

सातारा-सांगलीकडे 'गेमिंग' म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो तो मोबाइल. पबजी मोबाइलच्या दिवसांत काही जण कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून तोच गेम माऊस-कीबोर्डने खेळत. काचेवर अंगठा घासून नेम धरणाऱ्यासमोर माऊसवाला आला तर लढत बरोबरीची राहत नाही. म्हणून पबजी मोबाइलने एम्युलेटरवाल्यांना शक्यतो एम्युलेटरवाल्यांशीच लढवायला सुरुवात केली. रिकर्व्ह आणि कंपाउंडसारखे दोन गट झाले.

सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर भारतात बंदी आली. जुलै २०२१मध्ये त्याजागी आलेल्या बीजीएमआयने वेगळा गट ठेवलाच नाही, एम्युलेटरला सरळ नकार दिला. फोनला माऊस जोडून देणाऱ्या अडॉप्टरचीही तीच गत. दुकानदार 'सगळीकडे चालतं' म्हणून विकतो, अकाउंट मात्र घेणाऱ्याचं जातं.

जे चालतं तेही कमी नाही. स्क्रीनवरची बटणं हवी तिथे सरकवता येतात, लहान-मोठी करता येतात. दोन अंगठ्यांऐवजी तर्जनीही वापरून चार बोटांनी खेळणारे गोळीचं बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेतात, म्हणजे पळणं, नेम आणि गोळी एकाच वेळी जमतं. फोन तिरका करून नेम सावरायची जायरोस्कोपची सोयही अधिकृत आहे. पण स्वस्त फोनमध्ये अनेकदा जायरोस्कोपच नसतो. म्हणजे नियम सर्वांना सारखा असला तरी सोय फोनच्या किमतीवर ठरते, आणि हा प्रश्न अजून कुठल्याच नियमावलीने नीट हाताळलेला नाही.

ज्याचा हात वेगळा, त्याचं काय?

'एक दाब, एक हालचाल' हा नियम दोन धडधाकट हात गृहीत धरतो. सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकला. तो ज्या एफ४६ गटात खेळतो, तो हाताला अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट आहे. पॅरा तिरंदाजीत हात नसलेली शीतल देवी पायाने धनुष्य पेलते आणि खांद्याला बसवलेल्या खटक्याने बाण सोडते, नियमांच्या चौकटीत राहून.

एका हाताने गेम खेळणाऱ्याला मात्र दोन बटणांचं काम एका बटणावर आणायचं असेल, तर ती त्याची गरज आहे की मॅक्रो, हे ठरवणारं कुणी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये आणि सोनीने २०२३मध्ये अपंग खेळाडूंसाठी खास कंट्रोलर आणले. उपकरण मिळतं, पण ते स्पर्धेत चालेल का, याचं उत्तर आयोजकागणिक बदलतं.

डावखुऱ्यांची अडचण त्यामानाने साधी. 'डब्ल्यू-ए-एस-डी' ही रचना माऊस उजव्या हातात आहे असं धरून चालते. माऊस डावीकडे घेतला तर चालायची बटणं कीबोर्डच्या उजव्या बाजूला, 'आय-जे-के-एल'वर किंवा नंबरपॅडवर न्यावी लागतात, आणि ते कुठल्याही नियमात बसतं. अनेक डावखुरे तसं न करता उजव्या हाताने माऊस धरायला शिकतात. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना मुळात उजव्या हाताची असून फलंदाजी डावखुरी करते, ते आठवलं तर यात नवल वाटायला नको.

कायद्यातल्या 'केवळ'चं काय होणार?

नव्या कायद्यानुसार ई-स्पोर्ट म्हणून मान्यता हवी असेल, तर तो खेळ राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्य व्हावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. खेळ कौशल्याचा आहे का, हे यातून ठरेल. कुठला कीबोर्ड, कुठला मॅक्रो चालेल हे ठरवणं मात्र सध्या गेम कंपनी आणि स्पर्धेच्या आयोजकांच्याच हातात आहे.

तालुक्याच्या ठिकाणी होणाऱ्या छोट्या स्पर्धांत तर अनेकदा आयोजकच पंच असतो आणि तपासणी म्हणजे फोनवर एक नजर. माऊसमध्ये मॅक्रो त्याच्या आतल्या मेमरीतच साठवता येतो. कॉम्प्युटर कितीही तपासला तरी तो सापडेलच असं नाही, माऊसच तपासावा लागतो. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: स्वतःचं उपकरण चालेल का, मॅक्रोबाबत नियम काय आहे आणि तक्रार आली तर निर्णय कोण देणार.