ऑपरेशन तिचं, तयारी कुणाची?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला माझा विरोध नाही. मधुमेहाने किंवा श्वासाच्या त्रासाने गांजलेल्या बाईला त्याने खरंच आराम पडू शकतो. पण तयारी म्हणजे तपासण्या आणि पैसे, एवढंच घरचे धरतात.

ऑपरेशनआधी साधारण 2 आठवडे कमी कॅलरीचा, भरपूर प्रथिनांचा आहार देतात; त्याने यकृत आकसतं, दुर्बिणीचं काम सोपं होतं. नंतर आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं, तेही चार घास. रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. (वरणाच्या वरच्या पाण्यात ती नसतात बरं!) सगळ्यांचं उरकल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या ताटात ती येणार कुठून? लोह, बी-12, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. घरात ओढाताण झाली की आधी त्याच बंद होतात.

आणि 12 ते 18 महिने दिवस राहू द्यायचे नसतात. वजन उतरलं की ती शक्यता उलट वाढते. म्हणून मैत्रिणींनो, अशा बाईसोबत डॉक्टरांकडे जाताना नवऱ्यालाही न्या. सही तिचीच पुरते. त्याला न्यायचं ते निरोध कोण वापरणार, महिनाभर हंडे कोण उचलणार, हे तिथेच ठरवायला.