अवघड दिवसाची दहा मिनिटे



पहाटे निगडीच्या दुर्गा टेकडीवर पावले वाजू लागतात, तेव्हा चाकणहून रात्रपाळी संपवून आलेले कामगार घरी परतत असतात. टेकडीवर धावणाऱ्यांपैकी अनेकांना मी ओळखतो. कोणाची झोप अपुरी झालेली असते, तर कोणाच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली असते. तरीही ते का येतात, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘परतल्यावर बरे वाटते.’

हे बरे वाटणे निव्वळ भास नव्हे. धावताना स्नायू रक्तातील साखर वापरतात. नियमित धावण्याने रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, मनावरचा ताण उतरतो आणि झोप सुधारते.

बारामतीच्या लता भगवान करे आपणांस आठवत असतील. पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही माउली नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी मॅरेथॉनच्या ज्येष्ठांच्या गटात धावली आणि जिंकली. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर आलेल्या चित्रपटात त्यांनी स्वतःच आपली भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. मात्र आजारी माणसाची सेवा करणाऱ्यावर अशा निकराने धावण्याची वेळ येऊ नये, असेही वाटते.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंच्या यजमानांना पक्षाघात झाला आणि त्यांचे रोजचे हलके धावणे थांबले. ‘त्यांना टाकून मी कशी जाऊ?’ असे त्या म्हणत. वर्षभरात त्यांचा रक्तदाब वाढला, यजमानांना उठवताना कंबर धरू लागली. तपासणी करून मी त्यांना सांगितले, ‘रोज फक्त दहा मिनिटे, आधी चाला, मग जमेल तेवढे धावा.’ शेजारीण तेवढा वेळ घरी बसू लागली. महिन्याने काकू म्हणाल्या, ‘डॉक्टर, आता मी त्यांच्यावर चिडत नाही.’ औषधाच्या चिठ्ठीवर मला हे लिहून देता आले नसते.

आपणही असे करू शकाल. थोडी पथ्ये मात्र पाळावीत. साठीनंतर प्रथमच धावणार असाल, अथवा हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धावताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या चालू असतील तर केवळ नाडीच्या ठोक्यांवरून श्रम मोजू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. ताप असेल त्या दिवशी विश्रांतीच योग्य. अवजड वाहनांच्या रस्त्याकडेला धावू नये. बाग किंवा मैदान गाठावे. ज्यांना धावणे शक्य नाही, त्यांना भरभर चालण्यानेही पुष्कळ लाभ होतो.

चांगल्या दिवशी सारेच धावतात. अवघड दिवशी अंतर मोजू नये. दहा मिनिटे घराबाहेर पडलो, एवढे पुरे मानावे.

आणि घरातील तरुणांनो, आजोबांच्या उशाशी ती दहा मिनिटे तुम्ही बसा. आजीला जाऊ द्या.